खिळ्यासकट

रविवार, ५ जानेवारी

ही वही माझी नाही, माझ्या नातवाची. पुठ्ठ्यावर सिंह आहे. मला वाटलं जांभई देतोय, नातू म्हणाला डरकाळी फोडतोय. असेल. मोबाईलमध्ये एक गॉगलवाला आहे, घरात बसूनसुद्धा काळा गॉगल लावतो. डोळे आलेत की काय देव जाणे. तो सांगतो की खऱ्या पुरुषाने पहाटे उठून आपले विचार लिहून काढावेत. वहीसुद्धा तोच विकतो. नातवाने दोन दिवस लिहिलं, तिसऱ्या दिवशी विचार संपले. मी म्हटलं, कोरी पानं कशाला कुजवायची? माझ्याकडे विचार पडून आहेत.

अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही. मी बोलते, सूनबाई लिहिते. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते, पाळी संपवून आली की चहा घेऊन माझ्यासमोर बसते. आम्हा सासूसुनांचं उभं आयुष्य एकमेकींना टोमणे मारण्यात गेलं, आता तेच टोमणे ती शाईने लिहिते.

घरात तिसरा हा नातू. मी त्याला नबाब म्हणते, कारण चोविशी उलटली तरी स्वतःची बशी उचलत नाही. गोदामात खोकी उचलतो, म्हणून दमतो म्हणे. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नबाब लहान असतानाच गेला. मोठी नात भिंगरी लग्न होऊन गेली. चष्म्याच्या दुकानात काम करते, रविवारची येते. आज आली नाही, नातजावयाला बरं नव्हतं.

आमच्या ह्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. मीही शेजारी बसून टाचा ठोकल्या. म्हणून माझ्या बोलण्यालाही घरात दुकानातलाच शब्द आहे. मी गोष्ट सांगते ती गंभीर तोंडाने, सासूबाईंच्या फोटोसारखी. मग थांबते. ऐकणाऱ्याला वाटतं संपलं. तेवढ्यात शेवटचं वाक्य हाणते. भिंगरी लहान होती तेव्हापासून त्याला ‘आजीचा खिळा’ म्हणते. या वहीचा नियम एकच, पानाच्या शेवटी खिळा पाहिजे.

आजचा घ्या. सिंह दिवसातून किती झोपतो, हे गॉगलवाल्याने नबाबाला अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

खोटं कशाला बोलू, गॉगलवाल्याचा नबाबाला गुण आलेला दिसतोय. नबाब पहाटे उठतो. थंड पाण्याने आंघोळ करतो आणि न्हाणीघरात असा ओरडतो की खालच्या मजल्यावरचा शिंपी विचारायला आला, कुणी गेलं का म्हणून. जोर काढतो. अंथरुणाची घडी घालतो. अंथरुणाची! सूनबाई म्हणाली, “आई, मी चोवीस वर्षं सांगून थकले.” मी म्हटलं, “तुला गॉगल नाही ना.”

फक्त जेवताना कानात ती बोंडं घालून बसतो आणि मधूनच हसतो. परवा मी विचारलं, काय सांगतो रे तो? म्हणाला, “आजी, तो म्हणतो पुरुषांना आता कुणी विचारत नाही.” मी म्हटलं, “मी विचारते ना. भाजी वाढू का?”

हसला नाही. गोदामातली मुकादम बाई आहे. तिने चारचौघांत त्याला झापलं, तेव्हापासून हे सुरू झालं असं सूनबाई म्हणते. तिथलीच हिशेब बघणारी एक मुलगी होती, तिच्याबद्दल तो आधी फार बोलायचा. आता नाव काढत नाही.

असो. घडी घातलेलं अंथरूण दिसायला छान दिसतं. त्याच्यावर बसायला मात्र आता परवानगी लागते.

रविवार, १९ जानेवारी

भिंगरी आली. नाव भिंगरी, पण आज फिरत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाहुण्यासारखी. मनगटावर निळं-पिवळं होतं. विचारलं तर म्हणाली, “फळीवरून डबा पडला.” मी म्हटलं, “हल्लीचे डबे फार माजलेत. माझ्या वेळी डबे इतके नेम धरून पडायचे नाहीत.” ती हसली आणि तिचे डोळे भरले. सूनबाई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी मात्र सगळी धुतलेली होती.

पगार आता नवऱ्याच्या हातात देते म्हणे. फोनही तोच आधी बघतो. निघताना चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजी, मी कधी राहायलाच आले तर?”

मी म्हटलं, “भाडं घेईन.”

थांबले. तिने मान वर केली. मग म्हटलं, “रोज रात्री माझे पाय चेपायचे, तेवढंच.”

तेव्हा खरी हसली. मला एवढंच येतं. गळ्यात पडून रडणं मला जमत नाही, हे माझ्या माणसांना ठाऊक आहे. सूनबाई लिहिता लिहिता म्हणतेय की नीट सांगायला हवं होतं. अगं, कळलं तिला. ज्याला माझा खिळा कळतो त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आज मजा झाली. सूनबाई कामावर असताना नबाब माझ्याजवळ येऊन बसला. किती महिन्यांनी! म्हणाला, “आजी, तुझी मुलाखत घ्यायची आहे.” केस विंचरायला लावले, खिडकीशी बसवलं, मोबाईल डब्यावर उभा केला. म्हणाला, “तुझ्या वेळी बायका कशा होत्या ते सांग. आताच्या बायकांनी ऐकावं असं.”

मी पाठ ताठ केली आणि सासूबाईंच्या फोटोसारखं तोंड केलं. म्हटलं, “नवरा म्हणजे नवरा. त्याने मारलं तर आपलंच काहीतरी चुकलेलं असणार. मारलं तरी हसायचं. तोंड वर करून बोलायचं नाही. आणि नवऱ्याचं घर सोडून येईल ती मेली मला. तिला मी माझ्या घरात घेणार नाही.”

मग थांबले. चांगली थांबले. घड्याळाकडे बघितलं.

मग म्हटलं, “हे माझ्या सासूचं शास्त्र. आता माझं ऐका. तुझ्या आजोबाने पहिल्या वर्षी माझ्यावर हात उचलला. मी हसले, शास्त्राप्रमाणे. आणि त्याच्या बुटाच्या टाचेत आतून एक खिळा ठोकला, टोक न वाकवता. दिवसभर दुकानात त्या बुटावर उभा राहिला बिचारा. गिऱ्हाइकासमोर बूटवाल्याने आपलाच बूट काढून बघायचा कसा? संध्याकाळी लंगडत आला. मोजा लाल. बूट आणि हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘वाकव.’ मी वाकवला. त्यानंतर त्याचा हात कधी उठला नाही. आणि तुझ्या माहितीसाठी सांगते, तो वाघ अंधाराला भ्यायचा. दिवे गेले की माझी बाही धरून बसायचा.”

नबाब हसला. खरंच हसला, लहानपणी हसायचा तसा. माझा जीव निवला. म्हटलं, चला, गॉगलवाल्याच्या सावलीतून पोरगं थोडं इकडे सरकलं.

सूनबाईला हे पान लिहिताना मी पुन्हा सगळं करून दाखवलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही नाटकात जायला हवं होतं.” मी म्हटलं, “गेलेच होते की. त्याला संसार म्हणतात.”

शनिवार, १ फेब्रुवारी

मी प्रसिद्ध झाले! दूधवाला म्हणाला, “आजी, तुम्हाला मोबाईलमध्ये बघितलं.” रस्त्यावरची पोरं नमस्कार करतात. शिंप्याने काल बाहीची शिलाई फुकट घालून दिली. नबाब म्हणतो, लाखो लोकांनी बघितलं. मी म्हटलं, एवढी माणसं रिकामी आहेत?

खाली लोक काय काय लिहितात ते त्याने वाचून दाखवलं. ‘आजी, तुमच्यासारख्या बायका आता राहिल्या नाहीत.’ ‘आजीला सलाम.’ ‘माझ्या बायकोला दाखवलं.’

मी विचारलं, “खिळ्याला हसले का?”

म्हणाला, “हो हो. खूप.”

गॉगलवाल्याने स्वतः नबाबाला निरोप पाठवला. ‘शाब्बास, सिंहा’ असं काहीतरी. पोरगं दिवसभर घरात तरंगत होतं. बशीसुद्धा उचलली. माझ्या एका गोष्टीने एवढं होत असेल तर मी रोज सांगेन बापडी. आमचे हे असते तर म्हणाले असते, मी लंगडलो आणि नाव हिचं झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी

भिंगरी आली नाही. मागच्या रविवारीही नाही. फोन लावला की वाजतो आणि बंद होतो. भाड्याचं मनाला लागलं की काय? सूनबाई म्हणते कामात असेल. चष्म्याच्या दुकानात एवढं काय काम? जगाला एकदम दिसेनासं झालंय का?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सूनबाई आज लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, जे झालं ते लिही, माझ्यासकट लिही.

धोबीखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका बाईने तिला मोबाईल दाखवला. “ही तुझी सासू ना? लेकीचं काय होत असेल गं तुझ्या?” सूनबाई तशीच घरी आली. मोबाईल माझ्या कानाशी धरला.

आधी ढोल. मग माझा आवाज. मारलं तरी हसायचं. तोंड वर करून बोलायचं नाही. मेली मला. घरात घेणार नाही. मग पुन्हा ढोल.

मी म्हटलं, पुढे लाव. ती म्हणाली, “आई, पुढे नाही.”

मी म्हटलं, “अगं, मी तिथे थांबते. नंतर आहे.”

“नाही आई. एवढंच आहे.”

जिथे मी श्वास घेतला तिथेच कापलंय. रापीने चामडं कापावं तसं, सरळ. इतकं सफाईने आमच्या ह्यांनाही जमलं नसतं.

नबाब आला तेव्हा आम्ही दोघी दारातच बसून होतो. म्हटलं, खिळा कुठाय?

“आजी, लोक लांबलचक ऐकत नाहीत. अर्ध्या मिनिटात संपवावं लागतं.”

“मग अर्धं मिनिट खिळ्याचं ठेवायचं होतंस.”

“ते कुणी बघितलं नसतं.” मग मान खाली घालून म्हणाला, “आणि खोटं काय आहे त्यात? तूच बोललीस ना?”

बोलले. मीच बोलले.

सूनबाई म्हणाली, “काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर.” तो म्हणाला, काढून उपयोग नाही. गॉगलवाल्याने उचललंय, त्याच्याकडून हजार जणांनी. मग एकदम ओरडला, “तुम्हाला कळतंय का, मला पहिल्यांदा कुणीतरी माणसात धरलंय! गोदामात ती बाई मला बोटाने बोलावते. बोटाने! तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

त्याचा आवाज फाटला. सातवी-आठवीत फाटायचा तसा. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही हात मांडीवरच राहिले.

आज खिळा सुचत नाही. एक आहे, तो माझ्याच पायात आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भिंगरी इस्पितळात आहे. सूनबाई चादरींची गाडी ढकलत बायकांच्या खोलीत गेली आणि चादर बदलायला वाकली, तर पलंगावर आपलीच लेक.

मला रिक्षाने नेलं. भिंगरीचा डावा कान पट्टीत होता. आतला पडदा फाटलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरेल, ऐकू किती येईल सांगता येत नाही. थपडेने झालंय हे त्यांनी आम्हाला विचारलं नाही, आम्हाला सांगितलं.

मी उजव्या बाजूला जाऊन बसले. जन्मभर तोंडाचा पट्टा चालला आणि नेमक्या वेळी बक्कल तुटलं.

तीच बोलली. म्हणाली, “आजी, मी पिशवी भरली होती. दोन कपडे, पगाराचे कागद. दुकानातूनच तुझ्याकडे येणार होते. आदल्या दिवशी त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हणाला, बघ, तुझी आजी काय म्हणते.”

मी म्हटलं, “पोरी, तुला माहीत होतं ना मी कशी बोलते ते?”

“माहीत होतं. म्हणून मी खिळ्याची वाट बघितली. संपलं की परत लावलं. त्याला वाटलं मला पटलंय. मी आपली वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आला नाही गं आजी. मग मला वाटलं, या वेळी आजी गंभीरच आहे.”

पिशवी तिने पलंगाखाली सरकवली. ती त्याला सापडली.

मी तिला अख्खी गोष्ट सांगितली, बूट, मोजा, हातोडी, ‘वाकव’. उजव्या कानात. ती ऐकत होती. हसायचं ठिकाण आलं आणि गेलं. नर्स आली, दिवा लावून गेली.

रविवार, २ मार्च

सूनबाईने तिच्या मोबाईलवर माझं पुन्हा घेतलं. मी खिळ्यासकट सगळं बोलले, आणि गंभीर तोंड न करता बोलले, कुणाला शंका नको. टाकलं. धोबीखान्यातल्या बायकांनी बघितलं, शिंप्याने बघितलं. बाकी कुणी नाही. एकाने खाली लिहिलंय, ‘सुनेने म्हातारीला धमकावलेलं दिसतंय.’ माझं खोटं जगभर फिरतंय आणि खरं जिना उतरायला तयार नाही.

नबाब बहिणीला भेटायला गेला होता. म्हणजे सूनबाईने धोबीखान्याच्या खिडकीतून बघितलं. ऐन भेटायच्या वेळेला फाटकाशी उभा होता, हातात संत्र्यांची पिशवी. बराच वेळ उभा होता. मग परत फिरला. संत्री घरी आणून ठेवली, कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, “आत का गेला नाहीस?” म्हणाला, “गेलो असतो तर सगळे माझ्याकडेच बघत बसले असते.” मी म्हटलं, “बघू देत की.” तर म्हणाला, “तिनेही उलट उत्तर दिलं असेल, आजी. दोन्ही बाजू असतात.”

नाक माझ्या नवऱ्याचं. कपाळ माझ्या मुलाचं. वाक्य कुणाचं होतं ते मला माहीत आहे. संत्र्यांची पिशवी तेवढी त्याची होती, आणि ती त्याने आत नेली नाही.

शुक्रवार, ७ मार्च

भिंगरी सुटली. नवऱ्याकडे गेली नाही, एवढं नशीब. पण इथेही येणार नाही. म्हणाली, “जिथे भाऊ आहे तिथे माझ्याने जेवण गिळवणार नाही.” दुकानातल्या एका मैत्रिणीने खोली बघून दिली. एकटीला ठेवणं बरं नाही, म्हणून सूनबाई जातेय. पत्ता ती मला सांगत नाही. “आई, तुम्ही बोलता बोलता सांगून टाकाल.” खरं आहे. माझ्या तोंडाचा आता माझाच मला भरवसा नाही.

मलाही चल म्हणाली. मी म्हटलं, नाही. पोरगं इथे एकटं राहिलं तर गॉगलवाला उरलंसुरलं गिळेल. ती म्हणाली, “अजून काय उरलंय?” मी म्हटलं, “संत्री आणली होती ना.” ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी गेले असते.

पिशवी भरून झाल्यावर शेवटचं लिहायला बसली. लिहिता लिहिता म्हणाली, “मी नसताना त्याच्याकडून लिहून घेऊ नका.”

“का? वाचून घेईन की.”

“आई, तो वाचेल तेच लिहिलंय हे तुम्हाला कसं कळणार?”

विचार केला. म्हटलं, “मला नाही कळणार. तुला कळेल. कधी आलीस तर आधी शेवट बघ. मी जन्मात कधी गोष्ट खिळ्याशिवाय सोडली आहे का? ज्या पानाच्या शेवटी खिळा नाही, ते पान माझं नाही.”

तिने ते लिहिलं. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, “वाकतेसच तर पलंगाखाली बघ, माझी एक चप्पल हरवलीय.” दोघीही हसलो. ती रडत होती, पण हसली.

रविवार, १६ मार्च

आज नातू लिहितो आहे. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होते. घर शांत आहे. पूर्वी रविवारी फार आवाज असायचा.

नातू शिस्तीचा मुलगा आहे. पहाटे उठतो. जे झाले त्यात त्याची चूक नव्हती. त्याने प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिले. ते एवढे पसरेल असे त्याला वाटले नव्हते. तो बहिणीला भेटायला इस्पितळात गेला होता, पण तेव्हा भेटायची वेळ संपली होती.

सूनबाईने आणि भिंगरीने घरी यावे असे मला वाटते. त्यांनी निदान फोन उचलावा.

मी नातवावर रागावलेली नाही. तो विचारतो, तेव्हा मी त्याला तसे सांगते.

त्याने मला विचारले, आजी, शेवटी काय लिहू? मी म्हटले, काही नको.